पापलेटच हवे!

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या जालना जिल्ह्यातील माणसाने मासळीवर लिहावे, हे किनाऱ्यावरील वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. तरीही आम्ही हे धाडस करीत आहोत. कारण जो दोष आम्ही दाखवणार आहोत तो समुद्रकाठच्या लोकांचा नाही. घाट उतरून एका रात्रीपुरते तेथे जाणाऱ्या आमच्यासारख्या पाहुण्यांचा आहे.

२०२४ च्या डिसेंबरात जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आम्ही उभयता निघालो. पुणे, कोल्हापूर करीत घाट उतरलो आणि मुक्कामाला मालवण गाठले. एका घरगुती खानावळीत रात्रीच्या जेवणाला बसलो. स्वयंपाक करणाऱ्या वृद्ध बाईंनी सांगितले, "आज बांगडो ताजो आसा, तोच घेवा." आम्ही हट्टाला पेटलो. इतक्या लांबून आलो ते काय बांगडा खायला? पापलेटच हवे! बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने ताटात दोन तळलेली पापलेटे आली. तळहात झाकतील एवढीही नव्हती. सोलकढी उत्तम होती, भाकरी मऊसूत होती. पैसे देताना मात्र आम्ही कुरकुरलो. तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "मोठो खंय रवलो? तुमका व्हयो म्हणान बारकोच धरून हाडतत."

ते वाक्य आमच्याबरोबर गोव्याला आले आणि जालन्यालाही परत आले.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने रुपेरी पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेले बंदर. तेथील मच्छीमार सहकारी संस्थांनीच ही मागणी लावून धरली होती. हा सन्मान कौतुकापोटी मिळालेला नाही, काळजीपोटी मिळाला आहे. पापलेट घटत चालले, हाती येते ते लहान येऊ लागले, म्हणून मच्छीमारांना शासनाचे दार ठोठवावे लागले. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. त्यामागील तर्क कोणत्याही शेतकऱ्याला समजेल असा आहे: माशाने निदान एकदा तरी अंडी घातलेली असावीत, मगच तो जाळ्यात यावा. बियाण्याचे धान्य दळून खाणाऱ्या घराला पुढच्या वर्षी पेरायला काय उरणार?

नियमांची उणीव आहे असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. योगायोग असा की आमचा जालना जिल्हाही त्याच वर्षी अस्तित्वात आला. माशांच्या प्रजननासाठी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. संपूर्ण थवाच वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये कडक निर्बंध आले. प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्याच्या एलईडी मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही सिंधुदुर्गातील रापणकर आणि छोटे मच्छीमार वर्षानुवर्षे याच जाळ्यांविरुद्ध आणि दिव्यांविरुद्ध झगडत आले आहेत. रापण पंचवीस-तीस हातांनी किनाऱ्यावरून ओढली जाते आणि आलेली मासळी त्या हातांत वाटली जाते. मोठ्या यंत्रनौकेचा हिशेब वेगळा असतो.

यावर कोणी म्हणेल, दोष त्या नौकांचा आहे. चार घास खाणाऱ्या प्रवाशाला कशाला बोल लावता? आमचे उत्तर असे की, रात्रीच्या अंधारात दिवे लावून समुद्र उपसणाऱ्याला ते इंधन परवडते कशामुळे? आमच्या 'पापलेटच हवे' या हट्टाने वाढलेल्या भावामुळे. कायदा नौकेपर्यंत जातो; आमच्या ताटापाशी तो थांबतो. तेथून पुढे केवळ विवेकाचे राज्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक सहानुभूतीचा आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पाहुण्यांच्या पैशावर तेथील कितीतरी घरांची चूल पेटते. पाहुणा मासे खाणार नसेल तर त्या बाईंनी काय करावे? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही 'जाऊ नका' किंवा 'खाऊ नका' असे म्हणत नाही. त्या बाई आम्हाला बांगडा देतच होत्या! बांगडा, तारली, पेडवे, मुडदुशे, तिसऱ्या यांतले त्या दिवशी किनाऱ्याने जे दिले असेल ते आम्ही खाल्ले असते, तर त्यांची चूलही पेटली असती आणि पापलेटचे पिल्लू पाण्यात वाढले असते. पाहुणचार नाकारला तो आम्ही.

हे आम्हा जालनेकरांना तरी कळायला हवे होते. २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेल्या मोसंबीच्या बागा आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. शेजाऱ्याची बोअर खोल गेली म्हणून आपली त्याहून खोल न्यायची, आणि शेवटी दोघांच्याही बोअरमधून धूळ निघायची, हा खेळ आमच्या शिवारातला आहे. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नये असा कायदा २००९ मध्ये झाला. बोअरची गाडी शिवारात शिरते तेव्हा तो कायदा कोणाला आठवतो? आपल्या जमिनीखालचे पाणी आपण असे संपवले आणि आता दुसऱ्याच्या दाराशी उभे राहून त्याचा समुद्र उपसायला मदत करीत आहोत.

आणखी एक कडू गोष्ट आपल्यातच बोलायला हवी. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून आपल्या कितीतरी घरांत त्या दिवशी मटणापेक्षा महाग पापलेट शिजते. नियम पाळला जातो, त्याग मात्र कोठे दिसत नाही. प्रभूने पहिले शिष्य होड्यांतून निवडले. पाच भाकरी व दोन मासे हजारोंना वाटल्यावर उरलेले तुकडेही वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करायला सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात अनिर्बंध मासेमारीचा स्पष्ट उल्लेख केला. एवढे सारे ऐकून आपण ताटाकडे मात्र पूर्वीच्याच नजरेने पाहतो.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. किनाऱ्यावर गेल्यावर 'पापलेट आहे का?' असे विचारू नये. 'आज काय आले आहे?' असे विचारावे. पिल्लू ताटात आले तर नम्रपणे परत करावे, त्याचे पैसे द्यावे लागले तरी. बंदीच्या दोन महिन्यांत ताज्या पापलेटसाठी अडून बसू नये. आणि ज्या धर्मग्रामांतून गोव्याच्या यात्रेच्या बसगाड्या निघतात, त्यांच्या संयोजकांनी खानावळीला आगाऊ निरोप देताना माशाचे नाव सांगू नये. 'पन्नास माणसे, त्या दिवशीची मासळी' एवढा निरोप पुरेसा आहे.