ऐनवेळचे विषय

मराठी दैनिकांच्या अर्थविषयक पानासाठी नित्य लेखन करणाऱ्यांकडून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. नवे विषय सापडत नाहीत, अशी ती तक्रार आहे. व्यापार, उद्योग, बँका, भाव, कर या साऱ्यांवर लिहून झाले. आता आणखी काय लिहावयाचे? तक्रार अगदीच खोटी म्हणता येणार नाही. या पानांची वर्षभराची चाकोरी पाहिली तर ती पंचांगासारखी निश्चित झालेली दिसते. फेब्रुवारीच्या आरंभी केंद्रीय अर्थसंकल्प आणि त्यानंतर आठवडाभर त्याचे कवित्व, मार्चमध्ये प्राप्तिकर वाचविण्याचे उपाय, अक्षय्यतृतीयेला सोने, जूनमध्ये पावसाचा अंदाज, गणेशोत्सवात मूर्ती व मखरांच्या बाजारातील उलाढाल, धनत्रयोदशीला पुन्हा सोने, आणि मधूनमधून, भाव चढला वा कोसळला की, कांदा. गेल्या वर्षीचा लेख आकडे बदलून यंदा छापला तरी वाचकाच्या ध्यानात येणार नाही. काही वेळा तसे घडतही असावे.

ज्या समाजात कोट्यवधी माणसे रोज उठून काही विकतात, विकत घेतात, कर्ज काढतात, फेडतात वा बुडवितात, त्या समाजाच्या अर्थव्यवहारावर लिहिणाऱ्याला विषय मिळू नये, हे मोठे नवल आहे. त्याचे कारण बहुधा असे की, विषय सुचण्याची वाट पाहिली जाते. कवीच्या बाबतीत ते क्षम्य असेल. अर्थव्यवहारावर लिहिणाऱ्याचा विषय मात्र बहुतेक वेळा कोणत्या तरी कागदावर आधीच लिहिलेला असतो. तो कागद कोणी नीट वाचलेला नसतो, एवढेच. आता तर संगणकाला विचारले असता तो क्षणार्धात पन्नास विषयांची यादी पुढे ठेवतो. पण त्या यादीत मुख्यतः जे पूर्वी कोणी तरी लिहिले आहे तेच फिरून येणार, आणि तालुक्याच्या गावातील पतसंस्थेच्या कपाटात काय पडून आहे हे त्या यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नाही.

१८९६ सालच्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून जे केले ते या दृष्टीने आठवण्यासारखे आहे. दुष्काळनिवारणाची नियमसंहिता सरकारने स्वतःच तयार केलेली होती. पीक बुडाले असता सारावसुली तहकूब करण्याची वा सूट देण्याची, तसेच दुष्काळी कामे काढण्याची तरतूद तीत होती. संहिता गुप्त नव्हती. ती सरकारी कचेऱ्यांतून होती. ज्याच्यासाठी ती केलेली त्या रयतेला मात्र तिची वार्ता नव्हती. ‘केसरी’ने ती मराठीत समजावून सांगितली, पत्रके वाटली गेली, कार्यकर्ते गावोगाव फिरले. छापील सरकारी नियम वाचून दाखविण्यात नवा विषय कोणता, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर त्याला उत्तर देणे कठीण गेले असते. परंतु वसुलीचा तगादा दाराशी असताना कुणब्याला त्याहून ताजे वाचन दुसरे कोणते असू शकत होते?

दुसरे उदाहरण अधिक शांत प्रकृतीचे आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर या एका लहान गावाची पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. गाव काही विशेष नव्हते. तेथे लढाई झालेली नव्हती, तेथे कारखाना नव्हता, तेथील कोणी थोर पुरुष प्रसिद्धीस आलेला नव्हता. मॅन यांनी त्या गावातील जमीन, पिके, कर्जे आणि उत्पन्न यांची बारकाईने मोजणी केली व जुन्या नोंदींशी ती ताडून पाहिली. १७७१ साली गावातील सरासरी खाते सुमारे ४० एकरांचे होते; १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले होते. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. शेतजमिनीच्या तुकडेकरणाविषयी पुढे कित्येक वर्षे जी चर्चा झाली, अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून जी प्रकरणे लिहिली गेली, त्यांना आधार म्हणून हे आकडे पुनःपुन्हा उद्धृत होत राहिले. एका गावाच्या मोजणीतून इतके निघाले.

आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि तेथे नोकरदारांच्या सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. त्या ७२९ तुकड्यांचे पुढे काय झाले? जमिनीचे पैसे आले ते कोणाच्या हाती राहिले: व्यापारात गेले, ठेवींत गेले, की लग्नांत आणि निवडणुकांत गेले? ज्या कुटुंबाची सात एकर जमीन होती त्याची चौथी पिढी आज त्याच इमारतींत दुकान चालविते, की त्यांच्या फाटकावर पहाऱ्याला उभी आहे? महाराष्ट्रातील प्रत्येक वाढत्या शहराच्या वेशीवर अशी गावे आहेत. घरबांधणीच्या धंद्यावर पुरवण्या भरभरून निघतात. त्यांत कोणत्या उपनगरात भाव किती वाढेल याचे भाकीत असते, परंतु जमिनीच्या पूर्वीच्या मालकाचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

कांद्याचेही तसेच. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याच्या हाती, खर्च वजा जाता, २ रुपयांचा धनादेश पडला. वार्ता देशभर गेली, दोन दिवस हळहळ झाली, त्या धनादेशाचे छायाचित्र घरोघर पोहोचले. भाव किलोला रुपयाच्या घरात होता, एवढेच त्यातून लोकांच्या लक्षात राहिले. पण त्या पट्टीच्या दुसऱ्या बाजूला पाचशे रुपयांहून अधिक वजावट होती: वाहतूक, हमाली, तोलाई. भाव चढो वा पडो, ही वजावट फारशी हलत नाही. म्हणून मंदीत ती सारेच गिळून टाकते. बाजार समितीतील अशा पट्ट्या गेल्या वीस वर्षांच्या गोळा केल्या आणि वजावटीची रक्कम कशी वाढत गेली हे शोधले, तर तो लेख कांद्याच्या भावावरील शंभर लेखांहून अधिक सांगून जाईल. त्यासाठी दिल्लीतील अधिकाऱ्याच्या मुलाखतीची गरज नाही. एखाद्या नेटक्या शेतकऱ्याने तारेत ओवून ठेवलेल्या पट्ट्या पुरेशा आहेत.

परंतु विषयांच्या या दुष्काळाची खरी किंमत कोठे मोजावी लागते हे पाहावयाचे असेल तर सहकारी बँकांकडे वळावे लागेल. कारण शिक्षक, कारकून व निवृत्तिवेतनधारक यांच्या ठेवी मोठ्या प्रमाणावर तेथेच असतात. १९१२ साली पुण्यात स्थापन झालेल्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या फेब्रुवारीत निर्बंध घातले. २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि प्रथम प्रत्येक खातेदाराला केवळ १ हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेची पाळी आली. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांनी रांगांची छायाचित्रे छापली, ठेवीदारांची दैन्यावस्था वर्णिली, दोषींना शासन व्हावे अशी मागणी केली. हे सारे योग्यच होते. पण ते बँकेचे दार बंद झाल्यावर.

ठेवींच्या विम्याची गोष्ट तर अधिक उद्बोधक आहे. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराला जी रक्कम निश्चित मिळते तिची मर्यादा १९९३ साली १ लाख रुपये करण्यात आली. त्यानंतर २०२० पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षे, ती तेथेच राहिली. तेवढ्या अवधीत पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन वेतन आयोग आले, महागाई भत्त्याच्या प्रत्येक हप्त्यावर लेख आले, घरांचे भाव कित्येक पटींनी वाढले. आणि १ लाखाचे मोल वर्षागणिक झिजत असताना तो विषय अर्थविषयक पानावर अपवादानेच आला. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेचे ठेवीदार रस्त्यावर आल्यानंतर २०२० च्या फेब्रुवारीत मर्यादा ५ लाखांची झाली. सत्तावीस वर्षे हा विषय उघड्यावर पडून होता. तो उचलण्यासाठी कोणत्याही प्रतिभेची आवश्यकता नव्हती.

आजही असाच एक विषय पडलेला आहे. ठेव विमा महामंडळाचे हे पाच लाखांचे संरक्षण बँकांपुरते आहे. सहकारी पतसंस्थांना ते लागू नाही. बँकेपेक्षा पाऊण वा एक टक्का अधिक व्याज मिळते म्हणून भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी पतसंस्थेत ठेवणाऱ्या किती सेवानिवृत्तांना हा भेद ठाऊक आहे? संस्थेच्या दारावरील पाटीत कधी ‘बँक’ हा शब्द नसतो, पण गावात तिला बँकच म्हणतात.

या संस्थांचे वार्षिक अहवाल दर वर्षी सभासदांच्या घरी येतात. सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांची गर्दी उसळते. अहवालाच्या आरंभी संचालकांची छायाचित्रे, मग अध्यक्षांचे मनोगत, मग सभेपुढील विषयांची यादी. सभासद लाभांशाचा आकडा पाहतो आणि अहवाल बाजूला ठेवतो. लेखापरीक्षणाच्या दोष दुरुस्ती अहवालाची नोंद घेणे, असा एक विषय त्या यादीत बहुधा असतोच. तो सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळीत निघून जातो. दोष कोणते होते, दुरुस्ती कोणती झाली, तोच दोष सलग चार वर्षे का येत आहे, हे विचारणारा सभासद विरळा, आणि विचारलेच तर तो विरोधी गटाचा ठरतो. ताळेबंदात येणे व्याजाची रक्कम दर वर्षी फुगत असेल तर त्याचा अर्थ काय? संचालक व त्यांचे नातेवाईक यांच्याकडील कर्जाचा तक्ता छापलेला असेल, तर त्यातील थकबाकीचा रकाना खरोखर रिकामा आहे काय? मोठे कर्ज किती जणांत वाटले आहे? एका तालुक्यातील पाच संस्थांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले तर अर्थविषयक पानाला वर्षभर पुरतील एवढे विषय हाती लागतील.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ध्यानात घ्यावा लागतो. छापील आकडे खोटेही असू शकतात. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेचे मार्च २०१९ चे थकीत कर्जाचे प्रमाण कागदोपत्री चार टक्क्यांच्या आत होते. प्रत्यक्षात सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहात गुंतलेले होते आणि ते झाकण्यासाठी हजारो बनावट खाती रचलेली होती. असे कागद कोणत्याही लेखकाला फसवतील, हे मान्य केले पाहिजे. पण खोट्या हिशेबालाही कोठे तरी दुसऱ्या हिशेबाशी जुळावे लागते आणि तेथे तो उघडा पडतो. १९९२ चा रोखे गैरव्यवहार सुचेता दलाल यांनी उजेडात आणला तो स्टेट बँकेच्या रोख्यांच्या हिशेबातील अशाच एका तुटीचा माग काढून. दोन वह्यांतील फरक हा त्या वर्षीचा सर्वांत मोठा विषय ठरला.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. जिल्हा पातळीवरील वृत्तपत्रांचे उत्पन्न ज्या जाहिरातींवर चालते त्यांत सहकारी बँका व पतसंस्था यांचा वाटा लहान नसतो. वर्धापनदिनाची पूर्ण पान जाहिरात देणाऱ्या संस्थेचा दोष दुरुस्ती अहवाल त्याच पानावर तपासला जाईल ही अपेक्षा भाबडी आहे. विषय सापडत नाहीत असे म्हणताना पुष्कळदा असे विषय परवडत नाहीत असे म्हणावयाचे असते. वाचकाला हे रुक्ष वाटेल, ही सबब मात्र टिकणारी नाही. आपली ठेव सुरक्षित आहे काय, हा मजकूर ज्याला रुक्ष वाटेल असा ठेवीदार अद्याप जन्मास यावयाचा आहे.

वृत्तपत्रांना जे जमत नाही ते निदान काही अंशी महाविद्यालयांना जमण्यासारखे आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राचा व वाणिज्याचा विभाग असतो आणि विद्यार्थ्यांना प्रकल्प लिहावे लागतात. ते प्रकल्प बहुधा ‘जागतिकीकरण आणि भारतीय शेती’ अशा, कोठेही बसून लिहिता येतील अशा विषयांवर असतात. त्याऐवजी तालुक्यातील सहकारी संस्थांचे दहा वर्षांचे अहवाल आणि बाजार समितीतील पट्ट्या जमवून ग्रंथालयात एकत्र ठेवाव्यात असे ठरविले तर खर्च एका कपाटाचा आहे. सध्या हे अहवाल ग्रंथालयात आलेच तर त्यांना दाखल क्रमांक मिळत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते जुन्या प्रश्नपत्रिकांबरोबर रद्दीत जातात.