माथी मारलेले खाते आणि टळलेली मुदत



खताच्या गोणीवरचे वजन आणि बियाण्याच्या पिशवीवरचा उगवणीचा टक्का वाचून घ्यायची सवय आता आपल्याकडे बरीच लागली आहे. बँकेच्या खात्याचे मात्र तसे नाही. साहेब बोट ठेवतील तिथे सही करायची आणि पासबुक ट्रंकेत टाकायचे, ही रीत अजून चालूच आहे.

आमच्या भागातले एक कोरडवाहू शेतकरी अनुदान जमा व्हायला खाते हवे म्हणून २०१८ साली बँकेत गेले. त्यांनी मागितले शून्य शिलकीचे साधे खाते. मिळाले ते कार्ड, अपघात विमा आणि आणखी कसल्या कसल्या सवलती जोडलेले, वर्षाला ७०८ रुपये फी कापणारे खाते. फीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. अनुदान यायचे आणि त्यातून फी गुपचूप जायची. २०२५ च्या पावसाळ्यात मुलीने खात्याचा उतारा काढला, तेव्हा सात वर्षांच्या सात नोंदी सापडल्या. बेरीज ४,९५६ रुपये. फवारणीचे औषध ज्यांच्या घरी उधारीवर येते, त्यांना विचारा ही रक्कम केवढी ते.

शाखेत उत्तर मिळाले, "काका, सही तुमचीच आहे. आणि आता मुदत टळली, तक्रार चालायची नाही." काका मुकाट्याने परत फिरले. पुष्कळजण इथेच परत फिरतात. पण मुदत टळली की नाही, हे ठरवणे काउंटरवरच्या माणसाचे काम नव्हे.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, यातच सारे आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने पैशाच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षे दिली आहेत. मात्र त्याच कायद्याचे १७ वे कलम सांगते की, फसवणूक झाली असेल तर ती उघडकीस आल्यापासून मुदत धरावी. किंवा माणसाने वाजवी काळजी घेतली असती तर ज्या दिवशी उघडकीस आली असती, त्या दिवसापासून. या दुसऱ्या अर्ध्या भागावरच बँक बोट ठेवणार. ती म्हणेल, पासबुक भरले असते तर तुम्हाला पहिल्याच वर्षी कळले असते. तेव्हा आपले उत्तर आधी तयार हवे. फी कापल्याचा संदेश कधी आला नाही, नोंद इंग्रजी आद्याक्षरांत होती, विम्याचा कागद घरी पोहोचलाच नाही, यांपैकी जे खरे असेल तेवढेच लिहा. पदरचे काही घालू नका. एक खोटे सापडले की बाकीचे खरेही बुडते.

दुसरी गोष्ट, फी एकदा कापली गेलेली नाही, दरवर्षी कापली गेली आहे. म्हणून सगळ्या रकमेची एकच मोट बांधू नका. गेल्या तीन वर्षांतल्या कपाती एका बाजूला मांडा, जुन्या दुसऱ्या बाजूला. अलीकडच्या कपातींना मुदतीचे कारण पुढे करणे बँकेला अवघड जाते.

तक्रार तोंडी करू नये. तोंडी तक्रार म्हणजे बांधावर पेरलेले बी. साध्या कागदावर मराठीतच लिहा: "मी अमुक तारखेस साधे शून्य शिलकीचे खाते मागितले होते. फी असलेले खाते मी मागितले नाही, मला त्याची माहिती दिली नाही. कपातीची गोष्ट मला अमुक तारखेस उतारा पाहिल्यावर प्रथम कळली. खाते उघडण्याच्या अर्जाची आणि फीला दिलेल्या संमतीची प्रत द्यावी. कापलेली रक्कम व्याजासह परत करावी आणि खाते शून्य शिलकीचे करून द्यावे." खाली तारीख, सही आणि कपातींचा तक्ता. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व पोहोच घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. "प्रथम कळली" हे दोन शब्द आणि संमतीच्या प्रतीची मागणी विसरू नका. पुष्कळदा ती संमती बँकेला सापडत नाही, आणि मग बोलण्याचा सूर बदलतो.

शून्य शिलकीचे खाते म्हणजे उपकार नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना ते देण्यास सांगितले आहे. त्याला किमान शिलकीची अट नाही आणि मूलभूत सेवांना फी नाही.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही, कागदावर लिहिलेली तक्रारही चालते. २०२१ च्या योजनेने एक अट मात्र घातली: बँकेकडची पहिली तक्रार मुदतीच्या कायद्यातल्या काळात केलेली असली पाहिजे. म्हणूनच वर सांगितलेली "कळल्याची तारीख" इतकी मोलाची. लोकपालाकडे जाण्यालाही मुदत असते आणि योजनेचे नियम वेळोवेळी बदलतात. १४४४८ या क्रमांकावर चालू मुदत विचारून घ्या. आपल्यापैकी बऱ्याचजणांची खाती जिल्हा मध्यवर्ती बँकेत असतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या बँकाही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

दुसरा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तिथे मुदत दोन वर्षांची. पण कलम ६९ मध्येच सोय आहे की उशिराचे पुरेसे कारण दाखवले, तर आयोग कारण नोंदवून उशीर माफ करू शकतो. त्यासाठी तक्रारीबरोबर विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. तो न जोडल्यामुळे चांगली तक्रार दारातूनच परत येऊ शकते. अशा लहान रकमेला तिथे फी नाही.

वर सांगितलेल्या गृहस्थांनी पुन्हा जाऊन लेखी तक्रार दिली. महिन्याच्या आत तीन वर्षांचे २,१२४ रुपये जमा झाले, व्याजाशिवाय. सोबत एक कागद आला, "माझी काही तक्रार उरली नाही" अशा मजकुराचा. मुलगी शहाणी, तिने बापाला सही करू दिली नाही. उरलेल्या २,८३२ रुपयांची तक्रार लोकपालाकडे गेली आहे. अशा कागदावर सही केली की बाकीच्या रकमेवर पाणी सोडल्यासारखेच होते.

आता एक इशारा. हे वाचून उत्साहाच्या भरात पासबुकातली प्रत्येक कपात बंद करायला धावू नका. मे महिन्याच्या अखेरीस २० रुपये आणि ४३६ रुपये जातात ते अनुक्रमे सुरक्षा विमा आणि जीवनज्योती विम्याचे. संमतीशिवाय कापले असतील तर जरूर विचारा, पण वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बाजारात दुसरीकडे मिळणार नाही. आणि घरात कोणाला सांगितले नसेल तर तो असून नसल्यासारखाच. वारसाला ठाऊकच नसेल तर दावा करणार कोण? पीक विम्याचे आणखी वेगळे. २०२० च्या खरिपापासून कर्जदारालाही तो ऐच्छिक आहे, पण नको असेल तर अंतिम तारखेच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावे लागते. गप्प राहिलात तर हप्ता कापला जातो, आणि तिथे बँकेची चूक नसते.