बंदर बीडचे

२०२५च्या सप्टेंबर महिन्यात या राज्यात तीन दिवसांच्या अंतराने दोन उद्घाटने झाली. १७ तारखेस, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे औचित्य साधून, अहिल्यानगरहून बीडपर्यंतच्या १६६ किलोमीटर लोहमार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली. आणि २० तारखेस मुंबईच्या इंदिरा गोदीत आंतरराष्ट्रीय पर्यटन-जहाजांच्या स्थानकाचे लोकार्पण झाले. पहिल्या घटनेने आमच्या बीड जिल्ह्यात डोळे पाणावले, दुसरीकडे येथे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, आणि ते स्वाभाविकच होते. कारण ज्या जिल्ह्यात पाणी म्हटले म्हणजे टँकर आठवतो तेथे जहाजाचे कौतुक कोणास असावे? तथापि ज्यांचा व्यवसायच प्रवाशाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचविण्याचा आहे, अशा वाहतूक नियंत्रकांनी, रिक्षाचालक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी आणि नगरपालिकेच्या अभियंत्यांनी, म्हणजे या मासिकाच्या नेहमीच्या वाचकांनी, या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहाव्यात अशी आमची विनंती आहे.

जहाजाने येणाऱ्या प्रवाशाचा प्रश्न मोठा विलक्षण असतो. हजारो कोस समुद्र ओलांडून आलेले ते अवाढव्य जहाज त्याला धक्क्यापर्यंत निर्वेध आणून सोडते, आणि त्यानंतरच्या चार-दोन मैलांत, जेथे शहर नजरेच्या टप्प्यात असते पण पायांच्या टप्प्यात नसते, तेथे त्याची त्रेधा उडते. गोदीच्या हद्दीत पायी हिंडण्यास बहुधा मज्जाव असतो. फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा असतो. भाषा परकी, नाणे परके. आणि संध्याकाळी ठरलेल्या घटकेस जहाजावर परतले नाही तर ते कोणासाठी थांबत नाही. शिवाय बसस्थानकावर माणसे दिवसभर थेंबाथेंबाने येतात, तर जहाजातून दोन-तीन हजारांचा लोंढा एकाच प्रहरी उतरतो आणि एकाच प्रहरी परततो. मधल्या वेळात धक्का ओस. हा लोंढा कोणत्या वाहनाने, कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या दराने शहराच्या गाभ्यात न्यावा हा बंदरशास्त्राइतकाच शहरशास्त्राचाही विषय आहे. रोमनगरीचे बंदर म्हणून जे चिवितावेक्किया ओळखले जाते ते रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तरीही जहाजापासून फाटकापर्यंत विनामूल्य बस, तेथून रेल्वेस्थानकापर्यंत गावबस आणि पुढे आगगाडी अशी साखळी लावलेली असल्याने परका मनुष्यही फारसे न विचारता रोम गाठू शकतो. उलट हे नवे जहाज-स्थानक जेथे आहे त्या बॅलार्ड पिअरपासून बोरीबंदरचे स्थानक सावकाश चालणाऱ्यालाही अर्ध्या तासाचे नाही. अंतर थोडे असले म्हणजे वाट सोपी असते असे मात्र नाही, हे मुंबईस कोणी शिकवावे असे नाही.

कारण मुंबईस हे एके काळी उत्तम अवगत होते. १ सप्टेंबर १९२८ रोजी सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेहून टपाल-जहाज येण्याच्या हंगामात बॅलार्ड पिअर मोल नावाच्या, अगदी धक्क्यालगतच्या स्थानकावरून सुटत असे. जहाजातून उतरलेला गोरा अंमलदार सामान हमालाच्या स्वाधीन करून काही पावलांवर उभ्या असलेल्या डब्यात शिरे आणि थेट पेशावरच्या दिशेने निघे. मुंबई शहराचा त्याला स्पर्शही होत नसे. ही सोय कोणासाठी होती हे निराळे सांगावयास नको. कारण त्याच किनाऱ्यावर भाऊच्या धक्क्याला कोकणच्या आगबोटीतून उतरणारा चाकरमानी डोक्यावर ट्रंक आणि हातात फणसाचे ओझे घेऊन गिरगाव-लालबागची वाट आपली आपणच शोधीत होता. साम्राज्याच्या टपालाला सांधा होता, चाकरमान्याला नव्हता. त्या सांध्यामागे बुद्धिवैभव फारसे नव्हते. जहाजाची वेळ, गाडीची वेळ आणि हमालीचा दर या तीन गोष्टी एकत्र बसवण्याचा हुकूम तेवढा होता. पुढे ते स्थानक बंद झाले. आता इंदिरा गोदीतल्या नव्या इमारतीत तपासणीच्या ७२ खिडक्या आहेत, वर्षाला १० लाख प्रवाशांची सोय होईल असे सांगितले जाते, आणि ते सगळे खरे मानले तरी आमच्यासारख्या व्यवसायातल्या माणसाची नजर त्या खिडक्यांपलीकडच्या दारावरच खिळते.

मोगल अंमलात आपल्या किनाऱ्यांवर शहाबंदर नावाचा अधिकारी असे. जकात वसूल करणे हे त्याचे मुख्य काम खरे, पण परदेशी सौदागराची ये-जा, त्याच्या मालाची रवानगी, त्याच्या तक्रारी हे सर्वही त्याच्याच दप्तरी येई. बंदरात पाऊल ठेवलेल्या माणसाला विचारण्यास एक दार होते. आज बंदराची हद्द संपते तेथे महापालिकेची सुरू होते, महापालिकेची संपण्याआधीच वाहतूक पोलिसांची, आणि भाडेदर ठरविण्याचा अधिकार या तिघांपैकी एकालाही नसून परिवहन प्राधिकरणाला. प्रत्येकजण आपल्या हद्दीपुरता चोख असतो, आणि प्रवाशाची दैना नेमकी दोन हद्दींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत होते.

आता बीडकडे येऊ. तेथला लोहमार्ग मंजूर झाला १९९५च्या सुमारास. अहिल्यानगर ते परळी अशा २६१ किलोमीटरांचा खर्च वाढत वाढत ४,८०५ कोटी रुपयांपर्यंत गेला आणि त्यातला निम्मा राज्याने उचलला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत आली, त्यानंतर अमळनेर, रायमोह, राजुरी करीत तीन वर्षांनी बीडला टेकली. एवढ्या तपश्चर्येनंतर आलेल्या गाडीविषयी उणा शब्द काढण्याची आमची छाती नाही. परंतु तिचे स्वरूप नीट न्याहाळले तर ती लोकलगाडीपेक्षा जहाजाच्याच जवळची आहे: आरंभीच्या वेळापत्रकात ती सकाळी अहिल्यानगरहून निघून साडेपाच तासांनी भर दुपारी बीडला येते, अर्ध्या तासात पुन्हा परत फिरते, आणि स्थानक शहराबाहेर आहे. म्हणजे दिवसातून एकदाच येणारा लोंढा, एकदाच जाणारा लोंढा, आणि मध्ये ओसाड धक्का. बीडला रेल्वेस्थानक नव्हे, बंदर मिळाले आहे. आणि बंदराचे सगळे प्रश्न बिनसमुद्राचे वाट्याला आले आहेत.

हे लक्षात न घेता आमचे काही मित्र परळीचा दाखला देतात. परळी हे निजामी अमदानीपासूनचे स्थानक. वैद्यनाथाच्या यात्रेकरूंसाठी तेथे पूर्वी टांगे आणि आता रिक्षा गाडीच्या वेळेला आपोआप उभ्या असतात, मग बीडला का असणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. पण परळी जंक्शन आहे. तेथे गाड्या अनेक दिशांनी आणि अनेक वेळी येतात, म्हणून रिक्षावाल्याला तेथे उभे राहणे परवडते. दिवसातल्या एका फेरीसाठी गावाबाहेर रिकामी गाडी घेऊन जाणे आणि परतीची सीट मिळेल की नाही याचा घोर बाळगणे हे ज्याच्या गाडीचा हप्ता थकला आहे त्याला विचारावे. तो जास्त भाडे सांगतो तेव्हा ती नेहमीच लबाडी नसते. रिकाम्या फेरीचा खर्च तो भरलेल्या फेरीवर चढवीत असतो, एवढेच.

आणि तरी प्रवासीही खुळा नाही. एसटी त्याला पुष्कळ कमी वेळात बीडच्या भरवस्तीतल्या बसस्थानकात आणून सोडते, जेथून सुभाष रोड किंवा मोंढा चालत गाठता येतो. महिलांना १७ मार्च २०२३पासून एसटीत निम्मेच तिकीट पडते. रेल्वेचे तिकीट अत्यल्प असले तरी स्थानकापासून माळीवेशीपर्यंतची रिक्षा जर त्या तिकिटाहून महाग पडत असेल, तर याच मार्गावरच्या कड्याहून बाजाराला आलेली बाई पुढच्या खेपेस एसटीचीच वाट धरील, आणि मग गाडी रिकामी धावते म्हणून रेल्वेचे कोणी अधिकारी कागदावर शेरा मारतील. शेऱ्याच्या मुळाशी रिक्षाचे भाडे होते हे त्या कागदावर कोठेही उमटणार नाही.

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. गाडीच्या वेळेला एसटीच्या आगाराने एकच बस स्थानकात उभी करावी, आणि गाडी उशिरा आली तर बसही उशिराच सुटावी; वेळेवर सुटून रिकामी जाणाऱ्या बसचा वक्तशीरपणा कोणाच्या उपयोगाचा? स्थानकाकडे येताना तीच बस जाणाऱ्या प्रवाशांना घेऊन यावी, कारण नियोजनाच्या बैठकांत येणाऱ्याचाच विचार होतो आणि दुपारच्या उन्हात गाडी चुकेल या धास्तीने तासभर आधी निघालेल्या म्हाताऱ्याची आठवण कोणास राहत नाही. रिक्षांसाठी शेअर सीटचा दर प्राधिकरणाने ठरवावा, तो चालकांना परवडेल असा, आणि फलाटाच्या बाहेर मोठ्या अक्षरांत रंगवावा. हे कोणी करावे? रेल्वे म्हणेल फाटकाबाहेरचे आमचे नाही, नगरपालिका म्हणेल रस्ता आमचा पण भाडे आमचे नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी या सर्वांना एका टेबलाशी बसवून कोणा एका कारकुनाला, हुद्दा कितीही लहान असो, या चार-दोन मैलांचा शहाबंदर नेमावे.

परळीपर्यंतचा मार्ग पुरा झाल्यावर बीडचे हे बंदरपण संपेल आणि गाड्या दोन्ही बाजूंनी येऊ लागतील. तोवर स्थानकाच्या आवारात जो गराड्याचा, घासाघिशीचा आणि कोपऱ्यातल्या अघोषित थांब्यांचा रिवाज पडेल तो पुढे मोडणे कठीण जाईल. बसस्थानकाबाहेरच्या काळी-पिवळीचे थांबे हलवताना आपल्यापैकी अनेकांनी काय भोगले आहे ते आठवावे. गाडी येतच राहील. आमच्या वाचकांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी एकदा, अधिकारी म्हणून न जाता, खांद्याला पिशवी लावून तिच्यातून उतरावे आणि शहरातल्या कारंजापर्यंत पोचण्यास किती मिनिटे व किती रुपये लागले ते आम्हास कळवावे. आलेली टिपणे पुढील अंकात जशीच्या तशी छापू.