सोपो भरू की चणे विकू?

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात एका भाच्याने लिहिलं, "गावातली ही फेस्ताची फेरी आता बंदच करायला हवी. तीन दिवस रस्ता अडतो, कचरा होतो, आणि तसंही ते त्यांचं फेस्त, आपलं काय?" खाली अकरा अंगठे. मी तिथे उत्तर दिलं नाही, कारण तिथे काही बोललो की वहिनीचा फोन येतो. म्हणून इथे लिहितो, आणि लांब लिहितो.

आधी "आपलं काय" याचं बघू. आमचं घर बारदेशातलं. माझी आजी सोवळ्याओवळ्याची इतकी कडक की आम्ही शाळेतून आलो की तिच्यापासून दोन हात लांब उभे राहायचो. पण ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीचं फेस्त असलं की हीच आजी गड्याच्या हातात तेलाची बाटली द्यायची, सायबिणीला वाहायला. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्र या बहिणी, हे तिला कोणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. परतताना गड्याच्या डोक्यावर मिरची, सोलं, चिंच, कांद्याच्या माळा, मीठ आणि सुक्या सुंगटांची पुडी. पावसाळ्याची बेगमी. पुरुमेंत हा शब्द पोर्तुगिजांचा, पण बरण्या आमच्या स्वयंपाकघरातल्या. मडगावला हीच खरेदी इस्पिरित सांताच्या फेस्ताला व्हायची. जून-जुलैत होड्या बंद, वाटा बंद, तेव्हा आपण जे जेवलो ते फेस्ताच्या फेरीतून आलं होतं.

तिसवाडीत तळावलीला सांत आनाच्या इगर्जीत जुलैच्या अखेरीला तवशांचं फेस्त होतं. मूल व्हावं म्हणून तिथे तवसं वाहतात, आणि वाहणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बायका काही कमी नसतात. माझी एक मावशी गेली होती. गुण आला की नाही ते सांगत नाही, मावसभाऊ ही पोस्ट वाचतो.

आता दुसरा मुद्दा, आणि इथे मी बँकेचा माणूस म्हणून बोलतो. बी.कॉम. करून मी सत्तरीच्या दशकात लागलो तो एका खेडेगावच्या शाखेत. तेव्हा गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्जं नुकतीच निघाली होती, 1972 सालची योजना. मडकी विकणारी, खाजं करणारा, नारळाच्या करवंटीचे दवले बनवणारा, चणेवाली, अशांना आम्ही थोडी थोडी रक्कम द्यायचो. कागदावर हप्ता महिन्याचा असायचा. पण या लोकांचा पैसा महिन्याने येत नाही, फेस्ताने आणि जत्रेने येतो. आमचे मॅनेजर शहाणे होते. कर्जदाराच्या नावापुढे ते पेन्सिलीने फेस्ताचं नाव लिहून ठेवायचे. फेरी उठली की दुसऱ्या दिवशी काउंटरवर चिल्लर ओतली जायची आणि आम्ही क्लार्क दुपारपर्यंत नाणी मोजत बसायचो, हाताला चण्यांचा आणि गुळाचा वास. त्या छोट्या खात्यांनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो ट्रकवाल्यांनी, पण तो विषय वेगळा.

आज त्याच माणसांना फेरीतून कोण उठवतंय? ट्रॅफिक नाही. सोपो उठवतोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फेरीत बसणाऱ्याकडून जागेचं जे भाडं घेतात तो सोपो. तो गोळा करण्याचा ठेका पावणी करून दिला जातो, जास्त बोली त्याचा ठेका. मोठा आकडा आला की सगळे खूष, पंचायतीचं उत्पन्न वाढलं म्हणून टाळ्या. पण ठेकेदार तो आकडा खिशातून देत नाही. त्याला तीन-चार दिवसांत तो वसूल करून वर नफा काढायचा असतो. समजा एका बाईच्या पाटीत दीड हजाराचा माल आहे. सगळा खपला तर तिला चारशे सुटणार. सोपो दिवसाला दोनशे मागितला तर तिने बसायचं कशाला? दहा मीटरचा प्लास्टिकचा स्टॉलवाला मात्र बसतो. तो आज इथे, परवा दुसऱ्या गावात, त्याला परवडतं. मग आपणच म्हणतो, "फेरीत हल्ली काही राहिलं नाही, सगळा प्लास्टिकचा माल." राहणार कसा? गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फोटो आपण कौतुकाने फिरवले, आणि खाजेकाराला बसायला चार हात जागा मात्र बोली लावून विकली.

गेल्या वर्षी एका गावच्या फेस्तात (गावाचं नाव घेत नाही, पुष्कळ ठिकाणी हेच आहे) इगर्जीच्या भिंतीला टेकून एक म्हातारी चणे आणि कडियो-बोडियो घेऊन बसली होती. पावती फाडणारा पोरगा आला. पोरगा म्हणजे तिच्या नातवाच्या वयाचा. ती त्याला काही बोलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाब, सोपो भरूं काय चणे विकूं?" मी चाळीस वर्षं व्याजाचे हिशेब केले, पण मला उत्तर देता आलं नाही. मी शंभराचे चणे घेतले आणि चोरासारखा घरी आलो.

कोणी म्हणेल, दिवे, पाणी, कचरा यांचा खर्च कोण करणार? बरोबर आहे. पाळण्यांकडून घ्या, फर्निचरवाल्यांकडून घ्या, मोठ्या स्टॉलवाल्यांकडून दुप्पट घ्या. कचरा ते करतात. जमिनीवर पाटी घेऊन बसणारी संध्याकाळी आपली जागा झाडून जाते, मी स्वतः पाहिलं आहे. आणि भाच्या, हे "त्यांच्या" फेस्तातलंच आहे असं समजू नकोस. आपल्या देवळाच्या जत्रेत अबोलीचे वळेसर विकणाऱ्या बायकांची रांग दरवर्षी मागे मागे सरकते आहे. देवस्थानच्या समितीवर आपल्याच घरचे दोघे आहेत. त्यांना विचार.

पुढच्या रविवारी ग्रामसभा आहे. दोनच गोष्टी मागणार आहे. जमिनीवर पाटी घेऊन बसणाऱ्याला सोपो माफ, आणि इगर्जीसमोरची पहिली रांग बोलीबाहेर, मडकी, खाजं, चणे, दवले, गावठी मिरची यांच्यासाठी. अर्ज लिहून झाला आहे, मराठीत आणि कोंकणीत. खाली माझी एक सही आहे आणि शेजारच्या पेद्रूबाबाची एक. भाच्या, तिसऱ्या सहीसाठी जागा सोडली आहे. येताना पेन आण, माझं गळतं.