रबरी बुश, घरचा जॅक आणि मिस्त्रीची मजुरी

पावसाळा ओसरला की गॅरेजांसमोर गाड्यांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच गाड्यांची तक्रार एकच असते : खड्ड्यातून जाताना पुढून खट्‌खट् आवाज येतो. गाडी व्यापाऱ्याची असेल तर तो आणखी एक वाक्य जोडतो, ‘‘जास्त खर्च काढू नका, फक्त आवाज बंद करा.’’ बेकरीचा माल पोहोचवणारी व्हॅन असो, भिवंडीहून कापडाचे तागे आणणारी ईको असो की घरच्या मंडळींना घेऊन जाणारी वॅगन आर, गाडी गॅरेजात राहिली की त्या दिवसाची कमाईही तिथेच राहते. म्हणून आवाज सहन करायचा, गाडी तशीच दामटायची आणि शेवटी टायरसकट मोठे बिल भरायचे, असा रिवाज आपल्याकडे पडून गेला आहे.

अलीकडे दुसराही प्रकार वाढला आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाहून तरुण मंडळी इमारतीच्या आवारात स्वतःच जॅक लावतात आणि गाडीखाली शिरतात. आम्हाला यात वावगे काही वाटत नाही. ज्या समाजाची रोजी हातांच्या कसबावर चालते त्याला पाना धरण्याची लाज कशाला? मात्र या कामातला कोणता भाग घरी करावा आणि कोणता मिस्त्रीकडे न्यावा, हे माहीत नसेल तर वाचवलेल्या मजुरीच्या दुप्पट पैसे जातात. आणि जे घरी चुकते तेच कित्येक गॅरेजांतही रोज चुकत असते, हे आमच्या मिस्त्री बंधूंना राग आला तरी सांगितले पाहिजे.

आधी बुश म्हणजे काय ते पाहू. बाहेरून एक लोखंडी नळी, तिच्या आत चिकटवलेले रबर आणि रबराच्या मधोमध आणखी एक बारीक नळी, एवढीच ही वस्तू. बाहेरची नळी लोअर आर्मच्या भोकात दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो गाडीच्या सांगाड्याला आवळला जातो. चाक वर-खाली होते तेव्हा या नळ्या एकमेकींवर घासत नाहीत. मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते. दाराची बिजागरी जशी फिरते तसा हा बुश फिरत नाही. ही एक गोष्ट ज्याला नीट उमगली त्याला बुशचे निम्मे काम आले असे समजावे. म्हणूनच या बुशला ऑईल किंवा ग्रीस लावू नये. खनिज तेलाने साधे रबर फुगते आणि मऊ पडते. बसवताना सरकत नसेल तर साबणाचे पाणी पुरते.

आता मुख्य मुद्दा. बुश बदलताना गाडी घोडीवर असते, चाक काढलेले असते आणि आर्म खाली लोंबत असतो. बहुतेक जण त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळून टाकतात. आतली नळी त्या झुकलेल्या जागेवरच जखडली जाते. मग गाडी जमिनीवर आली, वजन पडले, आर्म वर उचलला गेला, की रबर उभ्या गाडीतही पिळलेले राहते. पुढे प्रत्येक खड्ड्यात त्याला आणखी पीळ बसतो. नवा कोरा बुश थोड्याच महिन्यांत फाटतो. गिऱ्हाईक म्हणते माल डुप्लिकेट होता, मिस्त्री म्हणतो रस्तेच असे आहेत, दुकानदार म्हणतो रबराची गॅरंटी नसते. तिघेही भांडतात. खरा दोष असतो त्या शेवटच्या आवळण्यात.

उपाय अगदी साधा आणि बिनखर्चाचा आहे. बोल्ट आधी नुसते हाताने लावावेत, नट टेकेपर्यंत. चाक चढवून गाडी जमिनीवर उतरवावी, पुढून दोनतीनदा दाबून सोडावी, हातभर पुढे-मागे ढकलावी, म्हणजे ती आपल्या नेहमीच्या उंचीवर बसते. मग बोल्ट पूर्ण ताकदीने आवळावेत. गॅरेजात खाली उतरायचा खड्डा किंवा चाकांवर गाडी पेलणारा रॅम्प असेल तर हे पाच मिनिटांचे काम. घरी तशी सोय नसते, तर जॅक लावण्यापूर्वीच टेपने चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजून खडूने लिहून ठेवावे. नवा आर्म बसल्यावर चाकाच्या बाजूचे त्याचे टोक दुसऱ्या जॅकने वर उचलावे, तेवढेच अंतर आले की थांबावे आणि तिथे बोल्ट आवळावा. किती ताकदीने आवळायचा ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

या नियमाला एक अपवाद आहे. हल्ली काही हौशी मंडळी रबराऐवजी पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचे बुश बसवतात. त्यात आतली नळी खरोखरच फिरते आणि तिला लागणारे खास ग्रीस बुशच्या पुडीतच येते. ते टिकतात, पण रस्त्याचा हादरा जास्त आत येऊ देतात. माल वाहणाऱ्या गाडीला कंपनीचे रबरच बरे, असे आमचे मत आहे.

मग घरी करावे तरी काय? आमच्या मते पहिले घरचे काम म्हणजे तपासणी, आणि ती प्रत्येक गाडीमालकाला आली पाहिजे. टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली आहे का? ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का? गाडी घोडीवर पक्की उभी करून आर्म आणि सांगाडा यांच्या फटीत टॉमी घालून हलकेच उचकून पाहा. रबरावर केसासारख्या बारीक भेगा असतील तर घाबरण्याचे कारण नाही, ते वय आहे. पण रबर लोखंडापासून सुटलेले दिसले किंवा आतली नळी एका बाजूला सरकलेली दिसली, तर बुश गेला. इथे एक लक्षात घ्यावे : खट्‌खट् आवाज नेहमी बुशचाच असतो असे नाही. स्टॅबिलायझर लिंक, बॉल जॉइंट, शॉकअॅबसॉर्बरचे वरचे माउंटिंग यांपैकी काहीही वाजू शकते. न तपासता बुश बदलून आणणारे आणि आवाज तसाच घेऊन परतणारे गिऱ्हाईक आपण सर्वांनी पाहिले आहे.

स्टॅबिलायझर बारचे डी आकाराचे बुश मात्र कोणीही घरी बदलावेत. ते मधून चिरलेले असतात, एक पट्टी आणि सहसा दोन बोल्ट काढले की हातात येतात. दोन्ही चाके एकाच उंचीवर असू द्यावीत, नाहीतर बारवर ताण राहतो आणि पट्टी बसत नाही. पण हा सल्ला १९८३ साली आलेल्या जुन्या मारुती ८००ला सरसकट लावू नये. तिच्यात हाच बार आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचेही काम करतो. तिथला बुश ढिला पडला की ब्रेकबरोबर चाकच मागे सरकते. ती गाडी २०१४ मध्ये बंद झाली तरी गावोगाव अजून धावते आहे. २०१९ मध्ये बंद झालेल्या ओम्नीचे तसेच. तिच्या मागच्या पाट्यांच्या दोन्ही टोकांना रबरी बुश आहेत आणि भरपूर माल लादणारे मालक त्यांच्याकडे वर्षानुवर्षे पाहत नाहीत.

लोअर आर्मच्या बुशचा प्रश्न वेगळा. तो भोकातून काढायला आणि नवा बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. घरी हातोडीने ठोकून बाहेरची नळी चेपते, वाकडी बसते आणि रबर आतल्या आत सुटते. काही ठिकाणी गॅसची ज्योत लावून जुने रबर जाळून काढतात. त्या धुराने माणसाचे नुकसान होते आणि तापून आर्मच्या लोखंडाचेही. आमचा सल्ला मधला आहे. ज्याला काम येते त्याने आर्म घरी उतरवावा, पिशवीत घालून प्रेस असलेल्या गॅरेजवर न्यावा, बुश दाबून घ्यावा आणि घरी येऊन बसवावा. मात्र जुना बुश काढण्यापूर्वी तो कोणत्या दिशेने बसला होता त्याची खूण आर्मवर करावी. कित्येक बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या ठरलेल्या दिशेलाच याव्या लागतात. खूण न करता दिलेला आर्म प्रेसवाला आपल्या अंदाजाने भरून देईल. त्याला तरी दोष कसा द्यावा?

आर्म उतरवताना बॉल जॉइंटचे रबरी टोपण फाटू देऊ नका. एबीएस असलेल्या गाडीत चाकाकडे जाणारी सेन्सरची वायर आधी मोकळी करा, नाहीतर चाकाची हब लोंबून ती तुटते आणि एका बुशपायी सेन्सर विकत घ्यावा लागतो. आणि स्प्रिंगसकट शॉकअॅबसॉर्बर उघडण्याचा मोह तर मुळीच धरू नये. दाबलेली स्प्रिंग दोरीने बांधून उघडणारे धाडसी लोक आहेत. त्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा मोडण्याइतके बळ असते.

यापेक्षा मोठा धोका जॅकचा. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके घालू नये. उतारावर किंवा मातीवर काम करू नये. विटा आणि सिमेंटचे ठोकळे घोडीच्या जागी चालत नाहीत, ते सूचना न देता फुटतात. दोन चांगल्या घोड्या आणि गाडीच्या कडेखाली आडवी सरकवलेली स्टेपनी, एवढे जमत नसेल त्याने सरळ गॅरेज गाठावे. यात कमीपणा नाही.

मालाबद्दल थोडे. पुण्याची नाना पेठ असो, मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार असो, ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी अनेक भागांवर २८ टक्के होता. म्हणजे पक्के बिल टाळण्याचे एक निमित्त कमी झाले. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आर्म घेणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की त्याच्यातला बुश जुनाच असतो. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होते.

आता मिस्त्री बंधूंशी दोन शब्द. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये बुश गेला की अख्खा आर्म बदलण्याकडे कल असतो. कधी ते योग्यही असते : बॉल जॉइंट आर्ममध्येच पक्का केलेला असेल आणि तोही ढिला झाला असेल, किंवा कंपनी सुटा बुश विकतच नसेल, तर आर्मच घ्यावा लागतो. पण जिथे नुसता बुश मिळतो तिथे तो नीट बसवून देणे हीच लहान गॅरेजची खरी ताकद आहे. हे कसब उस्तादाच्या हाताखाली वर्षे काढून आलेले असते. त्याची मजुरी आपण मालाच्या नफ्यात लपवतो आणि मग नफ्यासाठी नको तो भाग विकण्याची पाळी येते. दोनशे रुपयांचा बुश बसवून पाचशे मजुरी मागायला संकोच वाटतो, पण आर्मच्या बिलात तेवढेच पैसे मुरवायला वाटत नाही, हे उलटे आहे. गिऱ्हाईकही याला जबाबदार आहे. मजुरीवर घासाघीस करणारा आणि मालाच्या किमतीवर गप्प बसणारा गिऱ्हाईक स्वतःच मिस्त्रीला हा रस्ता दाखवतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे. बिलावर माल वेगळा आणि मजुरी वेगळी लिहावी. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदलावेत, आणि नंतर अलाइनमेंट करावी लागेल हे काम सुरू करण्यापूर्वीच सांगावे, म्हणजे शेवटी वाद होत नाही. काढलेला बुश गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. शेवटचा बोल्ट आवळताना त्याला बोलावून दाखवावे की गाडी चाकांवर उभी आहे. हजारएक किलोमीटर झाल्यावर गाडी परत बोलवावी, बोल्ट जागेवर आहेत का पाहावे आणि त्याचे पैसे घेऊ नयेत.