गोवर होऊन गेलेला बरा?

"गोवर कुणाला चुकलाय? आम्हाला झाला, आमच्या भावंडांना झाला. लहानपणी होऊन गेलेला बरा." मिरजेत हे वाक्य आजीच्या तोंडून येतं, आणि हल्ली मोबाइलवर चार लेख वाचलेल्या बापाच्या तोंडूनही येतं. आजी अनुभव सांगते, बाप 'नैसर्गिक प्रतिकारशक्ती' म्हणतो. निष्कर्ष दोघांचा एकच, की लशीची घाई नको. हा निष्कर्ष मला घातक वाटतो. पण त्यात जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य केलं पाहिजे.

एकदा गोवर झाला की तो सहसा पुन्हा होत नाही, हे खरं आहे. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरनं तिथं राहून तिचा अभ्यास केला. जेमतेम आठ हजारांची वस्ती, त्यातली सुमारे सहा हजार माणसं आजारी पडली. मात्र १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, ती म्हातारी माणसं पासष्ट वर्षांनंतरही त्यातून सुटली. म्हणजे आजीचं निरीक्षण पानुमच्या निरीक्षणाशी जुळतं.

तरीही तिच्या हिशेबात एक बाजू सुटते. 'आम्हाला झाला आणि आम्ही जगलो' हे सांगायला जगलेलेच मागं राहतात. त्याच आजीला विचारा, तुमच्या आईची बाळंतपणं किती आणि हाताला लागलेली पोरं किती. गोवर बहुधा अंगावर पुरळ असताना मारत नाही. तो मारतो न्यूमोनियानं आणि हगवणीनं. पुरळ मावळलं, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग पोराचा श्वास लागला. असं पोर गेलं की 'कफानं गेलं' म्हणायचे. गोवराच्या नावावर ते चढतच नसे, म्हणून गोवर साधा आजार ठरला.

शिवाय झालेला गोवर शरीरातून काही घेऊन जातो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासलं गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की इतर रोगांविरुद्ध त्या मुलांच्या अंगात साठलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गोवरानं पुसून टाकले होते. ज्या प्रतिकारशक्तीसाठी गोवर होऊ द्यायचा, तीच तो खरवडून नेतो. दर हजार रोग्यांमागं साधारण एकाच्या मेंदूला सूज येते. क्वचित एखाद्या मुलात विषाणू मेंदूत दडून राहतो आणि सात-दहा वर्षांनी, मूल शाळेत हसतखेळत असताना, त्याची बुद्धी आणि हालचाल ढासळू लागते. त्यावर इलाज नाही. 'होऊन गेला' असं म्हणायला मग किती वर्षं थांबायचं?

हे सगळं जुन्या काळातलं किंवा परदेशातलं, असंही म्हणता येणार नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात गोवंडीत एकाच कुटुंबातली तीन मुलं अठ्ठेचाळीस तासांच्या आत गेली आणि मुंबईतली साथ उजेडात आली. पुढच्या काही आठवड्यांत ती मालेगाव, भिवंडीपर्यंत दिसली. दगावलेल्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं होती. चांगलं खाल्लंप्यालेलं मूल सुरक्षित असतं, अशी कुणाची समजूत असेल तर त्यानं अमेरिकेतल्या टेक्सासकडं पाहावं. तिथं २०२५ च्या साथीत दोन मुलं गेली. दोघंही आधी धडधाकट होती आणि दोघांनीही लस घेतलेली नव्हती.

आता घरातल्या रीतीविषयी. गोवर उठला की उंबऱ्याला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, बाहेरच्या माणसाला मज्जाव. या रीतीची टिंगल करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. आजारी मुलाला वेगळं ठेवणं हे शहाणपण आहे. डॉक्टरही तेच सांगतात. अडचण अशी, की पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून मूल रोग पसरवत असतं. तेव्हा नुसता ताप, खोकला, वाहणारं नाक आणि लाल डोळे दिसतात. डहाळा लागतो त्यानंतर. रोगी खोलीतून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तास तग धरतो, आणि लस न घेतलेली दहा माणसं सान्निध्यात आली तर त्यांतल्या नऊंना तो गाठतो. इतक्या चपळ रोगापुढं उंबऱ्यावरची राखण अपुरी पडते.

रीतीतला एक भाग मात्र सोडलाच पाहिजे: 'सगळा बाहेर पडू दे, औषधानं आत दबेल' म्हणून दवाखाना टाळणं आणि मुलाचं खाणं तोडणं. आईचं दूध, पेज, वरणभात, जे जाईल ते द्यावं. गोवर झालेल्या मुलाला सलग दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा वयाप्रमाणे एकेक डोस देतात. त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचायला मदत होते. तो डॉक्टरांच्या हातूनच घ्यावा, कारण प्रमाणाबाहेर गेला तर यकृताला बाधतो. आणि श्रद्धेचं म्हणाल, तर देवीचा रोग या देशातून १९७५ साली गेला. लस टोचून घेणाऱ्यांवर कुठल्या देवीचा कोप झालेला नाही.

विरोधाचा सगळ्यांत जड मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो दूरचा नाही. २०२२ च्या जानेवारीत बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन बाळं दगावली. मिरजेहून बेळगाव रेल्वेनं काही तासांवर. तिकडचे आप्त, तिकडचे रोगी आपल्याकडं रोजचे. ही बातमी ऐकून एखादी आई बिचकली तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. प्राथमिक चौकशीत दोष लस साठवण्याच्या आणि हाताळण्याच्या पद्धतीत असल्याचं सांगितलं गेलं. हे कसं घडू शकतं ते समजून घेतलं पाहिजे. ही लस पूड रूपात येते आणि सोबतच्या द्रावणात मिसळून देतात. तिच्यात जंतुनाशक नसतं. म्हणून एकदा मिसळल्यावर ती थंड ठेवायची आणि चार तासांत संपवायची. उरली तर फेकून द्यायची. हा नियम मोडला तर कुपीत शिरलेले जंतू वाढतात आणि बाळाच्या जिवावर बेततं.

तर आईबापांनी काय करावं? लस नाकारू नये, प्रश्न विचारावा. "सिस्टर, कुपी किती वाजता फोडली?" ती वेळ कुपीवर लिहायचीच असते. सुई नवी आहे ना, कुपी बर्फाच्या पेटीतून काढली ना, हे पाहावं. लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसावं. हा अविश्वास नव्हे, आईबापाचा हक्क आहे, आणि चांगल्या नर्सबाईला त्याचा राग येत नाही. नाकारण्याची किंमत सामोआ बेटांनी मोजली. तिथं २०१८ साली लशीत चुकीचं औषध मिसळलं गेल्यानं दोन बाळं गेली. लोक हबकले, लसीकरण कोसळलं, आणि २०१९ च्या अखेरीस गोवर आला. दोन लाखांच्या वस्तीत ८३ जीव गेले, बहुतेक लहान मुलं. चूक दोन बाळांच्या जिवावर बेतली होती. भीती कितीतरी जास्त मुलांच्या.

लस घेऊनही गोवर होतो, मग उपयोग काय, असंही विचारतात. होतो, पण थोड्यांना. दोन डोसांनंतर शंभरातली सुमारे सत्त्याण्णव मुलं सुरक्षित होतात. एखाद्या गल्लीत शंभर मुलं आहेत, पंच्याण्णवांनी दोन्ही डोस घेतलेत, पाचांनी नाहीत. साथ आली तर त्या पाचांपैकी बहुतेक सगळी आजारी पडतील आणि पंच्याण्णवांतली दोन-तीन. मग गल्ली म्हणणार, आजारी पडलेल्यांत लसवालीही आहेतच की! पाचांतली पाच आणि पंच्याण्णवांतली तीन यांतला फरक दिसायला गुणोत्तर मांडावं लागतं.

लशीनं मूलबाळ होत नाही, ही अफवा २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा फिरली होती. गोवराची लस या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात १९८५ पासून आहे. तेव्हाची बाळं आज स्वतःची मुलं घेऊन लसीकरणाला येतात. याहून वेगळं उत्तर लागत नाही. ऑटिझमची भीती १९९८ साली लंडनहून निघालेल्या, बारा मुलांवरच्या एका लेखानं पसरवली. नियतकालिकानं तो २०१० साली मागं घेतला आणि लेखक वेकफिल्डची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली.

इथपर्यंत मी आईबापांशी वाद घातला. पण लसीकरण कमी का, याला 'लोकांचं अज्ञान' हे तयार उत्तर देणाऱ्यांशीही माझा वाद आहे. १८९४ साली डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल जिथं उभं राहिलं, १९६२ पासून जिथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या मिरजेत कर्नाटकातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं उपचाराला येतात. दवाखान्यांच्या बाकांवर सहा महिन्यांची बाळंही असतात. नऊ महिन्यांच्या आत नेहमीची लस देत नाहीत, कारण आईकडून आलेले प्रतिपिंड तिला निष्फळ करू शकतात. त्या बाळाचं रक्षण त्याच्या घरच्यांच्या हाती नाही. शेजारी बसलेल्या मुलानं लस घेतली आहे का, यावर ते ठरतं. आणि ते शेजारचं मूल पुष्कळदा उसाच्या फडातलं असतं.

दिवाळीच्या आसपास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कृष्णाकाठी कोप्या पडतात. फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाचा नवव्या महिन्याचा डोस नोव्हेंबरात येतो. तेव्हा गाव सुटलेलं असतं. जूनमधल्या बाळाचा पहिला डोस मार्चमध्ये येतो, तेव्हा ते फडावर. सोळाव्या महिन्यानंतरचा दुसरा डोस सुरू होतो तेव्हा टोळी पुन्हा निघण्याच्या बेतात. त्या आईला लस नको असते असं नाही. पहाटे चारला कोयता घेऊन निघालेली बाई ठरल्या वारी, ठरल्या वेळी, अनोळखी गावच्या उपकेंद्रात कशी पोचणार? मुकादमाच्या वहीत कोयते मोजलेले असतात, उचल लिहिलेली असते. मुलांची नोंद नसते. वीटभट्टीवरच्या मुलांचं आणि जत-आटपाडीकडून मेंढरांमागं हिंडणाऱ्या मुलांचं तेच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कारखान्यानं गाळप सुरू होताना टोळीगणिक पाच वर्षांखालच्या मुलांची यादी आरोग्य केंद्राला द्यावी. लसीकरणाचं सत्र कोप्यांवर आणि दिवेलागणीला, बायका फडातून परतल्यावर व्हावं. कार्ड गावाकडं राहिलं म्हणून मूल परत पाठवू नये: पाच वर्षांच्या आत राहिलेले दोन्ही डोस चार आठवड्यांच्या अंतरानं देता येतात, आणि आधी घेतलेला डोस पुन्हा दिला गेला तरी अपाय होत नाही. नवं कार्ड आईच्या हाती द्यावं, दुसऱ्या डोसाची तारीख त्यावर लिहावी, आणि टोळी परतायच्या आधी तिच्या गावच्या आशाताईला फोन करून ती तारीख कळवावी.