रात्रीच्या दोन पाळ्या

‘मुलगा आळशी आहे. जिना चढण्यास टाळाटाळ करतो.’ सहा वर्षांपूर्वी दुसरीतल्या एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर हा शेरा लिहिला गेला आणि त्याखाली मुख्याध्यापक या नात्याने आम्हीच सही केली. मराठीत एम.ए. झालेल्या माणसाला शब्दांचे वजन कळते, असा आमचा तोवर समज होता. असो.

तो मुलगा जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकीत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राही. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या. त्यामुळे व्यायामाच्या शिक्षकांना ते सोंग वाटले. पुढे रक्ताची व जनुकांची तपासणी झाली, तेव्हा निदान निघाले ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे. स्नायूंना टिकवून धरणारे डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन या मुलांच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. सुमारे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होणारा हा आजार. आधी पाय, मग हात, पुढे हृदय आणि श्वास. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी त्याची चाल मंदावते; तो बरा होत नाही.

आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या घराविषयी. कुटुंब इथलेच, बेळगावचे. वडिलांचे लहानसे किराणा दुकान. निदानानंतर ते रात्री उशिरापर्यंत उघडे राहू लागले. बाई घरी एकट्या रडत. ‘हे पळ काढताहेत,’ असे त्यांना वाटे. ‘हिने हातपाय गाळले,’ असे त्यांच्या यजमानांना. त्यातच हा दोष आईकडून येतो, असे सासूबाईंच्या कानी आले आणि ‘तुझ्या माहेरचंच हे’ असे टोमणे सुरू झाले. यजमान ऐकून न ऐकल्यासारखे करीत. आमच्या मते त्या घराला आजारापेक्षाही या मौनाने अधिक पोखरले.

तपासणीसाठी बाई आपल्या भावाला घेऊन बंगळूरला जात. एकदा तिथल्या डॉक्टरांनी बजावले, “पुढच्या वेळी मुलाचे वडील आले पाहिजेत.” दुकानाला कुलूप लागले आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने तिघे निघाले. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. मुलाला वाय गुणसूत्र बापाकडून मिळते व एक्स आईकडून. हा बिघाड एक्सवर असतो. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या बाबतीत तो आईतही नसतो, नव्यानेच घडतो. आणि असला, तरी आपल्या दोन एक्सपैकी कोणते मुलाला जावे, हे काही आई ठरवीत नाही. या बाईंच्या अहवालात मात्र तो निघाला. अशा स्त्रियांनी स्वतःच्या हृदयाचीही तपासणी करून घ्यावी लागते, हे डॉक्टरांनी सांगितले.

“सर, हिलाही काही होऊ शकतं, हे माझ्या तेव्हा प्रथम ध्यानात आलं,” ते आम्हांला म्हणाले.

परतल्यावर त्यांनी आईला एवढेच सांगितले, “आई, हिला बोललीस तर ते मला बोललीस असं मी समजेन.”

मुलगा आता आठवीत आहे. चाकाच्या खुर्चीतून येतो. झोपेत त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही. रात्री दोनपर्यंत उठण्याची पाळी आईची, त्यानंतर वडिलांची. दुकान उघडण्यापूर्वी वडील त्याच्या पायांना ताण देण्याचे व्यायाम करून घेतात. औषधे आणि कागदपत्रे बाईंकडे. महिन्यातून एका संध्याकाळी मुलाची आत्या येऊन बसते आणि हे दोघे डोसा खायला जातात. पहिल्या खेपेस तासभर मुलाविषयीच बोलत राहिलो, असे बाई हसत सांगतात. भांडणे होतातच. दुसऱ्या अपत्याचा प्रश्न तीन वर्षे रेंगाळला. गर्भावस्थेत तपासणी होऊ शकते, हे ठाऊक असूनही अखेर दोघांनी नको म्हटले. मात्र दोघांची कारणे निराळी होती आणि ती त्यांनी एकमेकांना सांगितली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. आम्ही मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणला, दाराशी उतार बांधून घेतला. उशिरा सुचलेले शहाणपण, दुसरे काय!

परवा बाईंनी त्यांची जाडजूड फाईल आम्हांस दाखवली. पहिलाच कागद ते प्रगतिपुस्तक, खाली आमची सही. ते आता काढून टाकावे, असे आम्ही चाचरत सुचवले.

“राहू दे, सर,” त्या म्हणाल्या. “त्रास कधीपासून आहे, हे डॉक्टर दर वेळी विचारतात. त्यावर तारीख आहे.”